सांगली-कोल्हापूरकडे स्वखर्चानं पुस्तक काढायचंय, कुठलं काम कुणाकडे द्यावं?

कंडक्टरची_लेक

नमस्कार. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, अख्खी नोकरी सांगली विभागात, त्यातही तासगाव आणि विटा डेपोत जास्त. रिटायर झाल्यापासून वह्या भरतायत. मुक्कामी गाड्या, २००५ च्या पुरातली ड्युटी, पंच आणि तिकिटांचा ट्रे जाऊन मशीन हातात आलं तेव्हाची फजिती, बाजारच्या दिवशी कोंबडीला तिकीट लागतं का यावरनं झालेली भांडणं ("मास्तर, कोंबडी माझ्या मांडीवर बसत्या, तुमच्या शिटावर न्हाई, तिला कशाचं तिकीट?"), असं सगळं. आधी आम्ही घरचेच वाचून हसत होतो, पण दिवाळीत त्यांची जुनी डेपोतली मंडळी आली होती त्यांना दोन-तीन किस्से वाचून दाखवले तर सगळे म्हणाले छापा हे. आता बाबांनी पण मनावर घेतलंय, तोंडानं बोलत नाहीत पण वह्यांना कव्हरं घातलीयत.

प्रकाशकांकडे पाठवून वर्षभर उत्तराची वाट बघायची त्यांची तयारी नाही, म्हणून स्वखर्चानं काढायचं ठरलंय. एका सेल्फ पब्लिशिंगवाल्या कंपनीचा ऑनलाइन फॉर्म भरला तर रोज फोन सुरू झाले. पॅकेज पंचेचाळीस हजारांचं, त्यात टायपिंग नाही, प्रूफरीडिंगचे पैसे वेगळे, लेखकाला प्रती मिळणार पंचवीस, आणि वर म्हणे पुस्तक जगभर उपलब्ध. अहो जगभर उपलब्ध होऊन काय करू, ते विट्यात उपलब्ध व्हायला पाहिजे.

तर इथल्या जाणकारांना विचारायचं होतं की टायपिंग, प्रूफ, कव्हर, छपाई हे सगळं आपल्याच भागात कुणाकडून करून घेता येतं का, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) कुठून आणायचा, लायब्रऱ्यांमध्ये पुस्तक कसं जातं, आणि साधारण किती प्रती काढाव्यात. सरकारची काही मदत असते असंही कुणीतरी म्हणालं. वह्या पाच आहेत, अक्षर छान आहे (कंडक्टरच्या मानाने).

फर्मा_१६

ताई, पॅकेजचा नाद सोडा. मी कोल्हापुरात डीटीपी (कॉम्प्युटरवर टायपिंग-मांडणी) आणि छपाईच्या धंद्यात बरीच वर्षं आहे त्यामुळं माझं मत थोडं एकांगी वाटेल, पण पुस्तक काढणं म्हणजे चार वेगळ्या माणसांची चार वेगळी कामं असतात, टायपिंग-मांडणी, प्रूफ, कव्हर आणि छपाई-बांधणी. ह्या चौघांना तुम्ही स्वतः गाठून स्वतः पैसे दिले की बाकी पॅकेजमध्ये उरतं ते फक्त फोन करणाऱ्या पोराचा पगार.

पहिलं टायपिंग. ऑपरेटरकडे जाताना एकच अट घाला की युनिकोडमध्येच टाइप करायचं. आपल्याकडे अजून निम्मे डीटीपीवाले पेजमेकर आणि श्रीलिपीच्या जुन्या फाँटवर बसलेत, त्यांचा हात त्यावर बसलाय, छापून पण झकास येतं, पण तीच फाइल उद्या तुम्ही दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती किडामुंगी दिसते, ईबुक करायचं म्हटलं की परत पहिल्यापासून टायपिंग. दुसरी अट, काम संपल्यावर पीडीएफ तर घ्यायचीच पण ओपन फाइल (ज्यात नंतर बदल करता येतात ती) पण घ्यायची, फाँटसकट. हे आधी बोलून घ्या, नंतर मागितलं की तोंडं वाकडी होतात.

आणि खरं सांगायचं तर टायपिंगचा निम्मा खर्च वाचवायचा असेल तर बाबांनाच बसवा मोबाइल घेऊन. गुगलचं मराठी व्हॉइस टायपिंग आता चांगलं चालतं, त्यांनी वही वाचायची, तुम्ही समोर बसून दुरुस्त करायचं. विरामचिन्हं येत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची वाट लागते, गावांची नावं भलतीच उमटतात, ते धरून चाला. पण वाचता वाचता माणसाला चार गोष्टी जास्त आठवतात हा फायदा वेगळाच.

फाँट कुठला घ्यावा यावर लोक उगाच डोकं खातात. पुस्तकाच्या मजकुराला टिरो देवनागरी मराठी हा फुकट मिळणारा फाँट मला आवडतो, डोळ्याला शांत आहे. मंगलमध्ये मात्र छापू नका, त्यात ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आपल्याला पाकळीचा ल आणि देठाचा श बघायची सवय, दोनशे पानं वाचताना कुठंतरी खटकत राहतं आणि का खटकतंय ते कळत नाही.

आता छपाई. आकार डेमी घ्या, साडेपाच बाय साडेआठ इंच, आपली बहुतेक कथा-कादंबऱ्या ह्याच साइजला असतात. १८ बाय २३ चा एक कागद दोन्ही बाजूंनी छापून घड्या घातल्या की १६ पानं होतात, त्याला आम्ही एक फर्मा म्हणतो. म्हणून पानं नेहमी सोळाच्या पटीत बसवायची. तुमच्या पाच वह्यांचा मजकूर बघता १९२ पानं धरा, म्हणजे १२ फर्मे. ३०० प्रतींना १२ गुणिले ३०० म्हणजे ३६०० कागद, वर वेस्टेज धरून साडेसात रिमं (एक रिम म्हणजे ५०० कागद). हा हिशोब तोंडपाठ ठेवून प्रेसमध्ये गेलात की मालक तुम्हाला खुर्ची देतो.

ऑफसेटला प्रत्येक फर्म्याला दोन प्लेटा लागतात, पुढची आणि पाठची, म्हणजे २४ प्लेटा. त्यांचा खर्च तुम्ही १०० छापा नाहीतर १००० छापा, तेवढाच. डिजिटलला प्लेट नाही, पण दर पानाला पैसे मोजायचे. त्यामुळं दोनशे-अडीचशेपर्यंत डिजिटल परवडतं, पाचशेच्या पुढं ऑफसेट, आणि ३०० हा आकडा बरोबर मध्ये लोंबकळतो, त्याचे दोन्हीकडनं कोटेशन घ्या. कोटेशन मागताना 'पुस्तक छापायचंय किती होतील' असं विचारलं तर प्रत्येकजण वेगळा कागद धरून सांगतो आणि तुलना होत नाही. एका कागदावर लिहून द्या की डेमी साइज, १९२ पानं एक रंग, ७० जीएसएम मॅपलिथो नॅचरल शेड, कव्हर ३०० जीएसएम आर्ट कार्ड चार रंग मॅट लॅमिनेशन, बांधणी शिलाई करून. हीच चिठ्ठी तीन ठिकाणी द्या. (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, जेवढं जास्त तेवढा जाड, आणि मॅपलिथो म्हणजे पुस्तकाचा साधा कागद.)

शिलाईवर ठाम राहा. नुसती परफेक्ट बाइंडिंग म्हणजे कणा कापून गोंद लावलेली, स्वस्त पडते पण लायब्ररीत चार हात फिरलं की पानं हातात येतात.

सांगली-मिरजेत, कोल्हापुरात हे काम करणारे प्रेस भरपूर आहेत, पण लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापणारा प्रेस वेगळा आणि पुस्तकाचा वेगळा. जाऊन आधी त्यांनी छापलेली दोन पुस्तकं मागा. पान उजेडाकडे धरून बघा, पुढच्या आणि पाठच्या पानाच्या ओळी एकमेकींवर बसतात का. बसत असतील तर माणूस कामाचा आहे. पुण्याला अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या पेठांत स्वस्त होतं असं कुणी सांगेल, होतं पण, मात्र प्रूफ बघायला, छपाई बघायला तीन-चार हेलपाटे होतात ते पण मोजा.

रिकामटेकडा_७

एवढं कशाला, ई-साहित्य प्रतिष्ठानला पाठवून द्या, फुकट ईबुक काढतात, वाचक पण फुकट वाचतात. किंवा ॲमेझॉनच्या किंडलवर टाका स्वतः, मराठी चालतं तिथं. छापील पुस्तकं कोण वाचतंय आता. आणि आयएसबीएन बिन काही लागत नाही, कायद्यानं सक्ती नाही.

ब_वर्ग_वाचनालय

@रिकामटेकडा_७ छापील कोण वाचतंय ते आमच्या वाचनालयात संध्याकाळी पाच वाजता येऊन बघा एकदा. सक्ती नाही हे मात्र खरं आहे. पण ताईंना पुस्तक लायब्ऱ्यांत जायला पाहिजे असेल, ऑनलाइन दुकानात लागायला पाहिजे असेल तर आयएसबीएन असलेला बरा, आणि मिळतो फुकट मग सोडायचा कशाला.

ताई, मी तालुक्याच्या गावी ब वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे, माझ्याकडे दर महिन्याला कुणीतरी लेखक पिशवी घेऊन येतो त्यामुळं ह्या प्रश्नाची सवय आहे.

आयएसबीएन दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी देते, शिक्षण मंत्रालयाखाली आहे ती. ऑनलाइन पोर्टलवर आधी नोंदणी करायची, लेखक स्वतःच प्रकाशक म्हणून नोंदणी होते, कंपनी काढायची गरज नाही. ओळखपत्र, पत्ता, पुस्तकाचं शीर्षकपान असं अपलोड करायला लागतं. एक रुपया फी नाही. जो कुणी 'आयएसबीएन चार्जेस' म्हणून पैसे मागतो तो फॉर्म भरायची हमाली घेतोय एवढं समजा. आणि दुसरी जास्त महत्त्वाची गोष्ट, कंपनीच्या खात्यातला नंबर घेतला तर रेकॉर्डला प्रकाशक म्हणून कंपनीचं नाव लागतं, बाबांचं नाही. नंबर यायला काही आठवडे जाऊ शकतात म्हणून छपाईच्या आदल्या दिवशी धावपळ करू नका, मजकूर प्रूफला गेला की लगेच अर्ज करा. ईबुक काढलं तर त्याला वेगळा नंबर.

छापून झालं की एक काम लोक हमखास विसरतात. १९५४ चा एक कायदा आहे, प्रकाशकानं पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत स्वखर्चानं एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची. चेन्नईचं म्हणजे कॉनेमारा, दिल्लीचं दिल्ली पब्लिक लायब्ररी, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय. नाही पाठवली तर दंड आहे ५० रुपयांपर्यंत आणि पुस्तकाची किंमत, म्हणजे दंडाला कुणी घाबरत नाही ते उघड आहे. पण तुमच्या बाबांच्या वहीतली कोंबडी राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन बसणार, चार प्रतींच्या खर्चात हे वाईट नाही.

लायब्ऱ्यांचं असं आहे की राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं ११ हजारांहून जास्त आहेत हे ऐकून लेखकांचे डोळे चमकतात, पण आमचं अनुदान वर्गाप्रमाणे ठरलेलं, त्यातनं पगार, वर्तमानपत्रं, लाइटबिल भागवून पुस्तकांना उरतं ते उरतं. ग्रंथालय संचालनालयाची शासनमान्य ग्रंथांची यादी निघते, त्यासाठी पुस्तक पाठवता येतं, यादीत आलं तर खरेदीला सोपं जातं. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय लायब्ररी फाउंडेशन आहे तेही राज्यांमार्फत खरेदी करतं. दोन्हीला अर्ज करून ठेवा, आशेवर मात्र छपाई करू नका. प्रत्यक्षात पुस्तक कसं जातं सांगू का, जिल्ह्यातल्या चाळीस-पन्नास ग्रंथपालांना स्वतः भेटलं की जातं. आणि एसटीचं पुस्तक म्हटलं की मी तर घेईनच, आमच्याकडे निम्मे ज्येष्ठ वाचक एसटीनं येणारे.

मदतीचं म्हणाल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. ज्याचं आधी पुस्तक निघालेलं नाही अशा लेखकाचं हस्तलिखित मागवतात, तज्ज्ञांकडून वाचून घेतात, पसंत पडलं तर प्रकाशनाला अनुदान. आत्मकथन, ललित पण बसतं त्यात. पण ही गोष्ट छपाईच्या आधी करायची, पुस्तक छापून नेलं की पहिलं पुस्तक राहिलं कुठं. आणि वेळ लागतो, वर्तमानपत्रात जाहिरात येते तेव्हाच अर्ज. छापून झाल्यावर राज्य वाङ्मय पुरस्काराला पाठवता येतं, तिथं प्रथम प्रकाशनाचे वेगळे पुरस्कार असतात.

कंडक्टरची_लेक

अरे बापरे एवढं सगळं! @फर्मा_१६ दादा तुमची चिठ्ठी जशीच्या तशी उतरवून घेतलीय. @ब_वर्ग_वाचनालय काका, अनुदानाचं बाबांना सांगितलं, ते म्हणाले सरकारी नोकरी करून झाली आता सरकारी वाट बघणं नको. म्हणजे ते बाद.

अजून तीन शंका. एक, बाबांनी वहीत साहेब लोकांची, ड्रायव्हरांची खरी नावं घालून लिहिलंय, एक-दोन प्रकरणं जरा तिखट आहेत (डिझेलची). दोन, प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला त्यांना एकेक कवितेच्या ओळी पाहिजेत, कुसुमाग्रज, केशवसुत, मर्ढेकर असे. तीन, जुने फोटो आहेत, डेपोतले, निरोप समारंभाचे, ते घालता येतील का.

सुमन_कुपवाड

डिझेलचं प्रकरण असेल तर नाव बदल बाई! माझ्या आत्याचं पुस्तक काढलं आम्ही, जात्यावरच्या ओव्या आणि त्यामागच्या माहेरच्या आठवणी असं मिळून, त्यात सासरच्या एका माणसाबद्दल चार ओळी होत्या, माणूस तर गेलेला, पण त्याच्या पोरांनी वर्षभर बोलणं टाकलं. आणि जिवंत माणसाबद्दल, तेही चोरीचं लिहायचं म्हणजे पुरावा आहे का हे कोर्ट विचारणार, बदनामीचा गुन्हा आता न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. ड्रायव्हरचं नाव, डेपो आणि साल तिन्ही बदललं तरी किस्सा तेवढाच रंगतो. चांगलं लिहिलेल्यांची खरी नावं ठेवा, ती माणसं पाच-पाच प्रती घेतात :)

प्रतींचं माझं ऐक, ३०० सुद्धा जास्त आहेत पहिल्या खेपेला. पाहुणे 'आम्हाला एक पाठव' म्हणतात ते फुकट पाठव असं म्हणत असतात. आत्याच्या पुस्तकाच्या वेळी आमच्या शेजारच्या एका सरांनी हजार प्रती काढल्या होत्या कवितांच्या, दर प्रती स्वस्त पडतात म्हणून, त्यांच्या दिवाणात अजून आहेत, पाहुणे झोपायला आले की कवितांवर झोपतात. आम्ही डिजिटलला दीडशे काढल्या, संपल्यावर तीच फाइल देऊन परत शंभर. फाइल आपल्याकडे असली की प्रेसवाला कधीही छापून देतो, हे वरच्या दादांनी सांगितलेलं अगदी खरं.

विक्रीचं, दुकानदार आणि वितरक छापील किमतीवर कमिशन घेतात, दुकान तीस-पस्तीस टक्के, वितरक चाळीस-पन्नासपर्यंत जातो, आणि पुस्तक विकलं तर पैसे, तेही त्यांच्या सवडीनं. त्यामुळं किंमत ठरवताना प्रत छापायला आली त्याच्या निदान तिप्पट धरायची नाहीतर दुकानात ठेवणंच परवडत नाही. पण तुझं गिऱ्हाईक दुकानात नाहीच. तुझं गिऱ्हाईक डेपोत आहे. प्रकाशन समारंभाला हॉल आणि पाहुणे अध्यक्ष आणि शाली आणि नारळ ह्यात पैसे घालण्यापेक्षा डेपोतल्या रिटायर लोकांच्या मेळाव्यात, आगारप्रमुखांना विचारून, टेबल मांड. क्यूआर कोड मोठा छापून टेबलाला चिकटव, सुट्ट्या पैशांचा घोळ नको (कंडक्टरच्या घरात हे सांगायला नको म्हणा). आम्ही आत्याच्या पुस्तकाच्या वेळी औदुंबरला संक्रांतीच्या साहित्य संमेलनाला गेलो होतो, तिथं गावाकडचे वाचक भेटतात, ते पुस्तक हातात घेऊन उभ्या उभ्या दोन पानं वाचतात आणि मग घेतात. पुण्याला डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव असतो, पण एका पुस्तकासाठी तिथं स्टॉल घेणं म्हणजे हौस, कुणा ओळखीच्या प्रकाशकाच्या स्टॉलवर दहा प्रती ठेवायला दिल्या तर ठीक.

ऑनलाइनला बुकगंगावर लाव, मुंबई-पुण्याची पोरं तिथनं मागवतात. पुस्तकांच्या विक्रीवर जीएसटी नाही, आणि फक्त पुस्तकंच विकणार असशील तर त्यासाठी जीएसटी नंबर काढायला लागत नाही. छपाईच्या बिलात मात्र टॅक्स लागून येतो तो धरून चाल.

ब_वर्ग_वाचनालय

पोस्टाचं राहिलं सांगायचं. १ मे २०२५ पासून पोस्टात ज्ञान पोस्ट म्हणून सेवा आहे पुस्तकांसाठी, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत गेलं तरी १००, टॅक्स वेगळा, ट्रॅकिंग पण होतं. सावकाश जातं कारण जमिनीवरनंच जातं. काउंटरवर माहीत नाही म्हणाले तर पोस्टमास्तरांना भेटा. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं पाहिजे, म्हणून पहिल्या पानाच्या पाठीमागं प्रकाशक, मुद्रक, आवृत्तीचं साल, किंमत, हक्क कुणाचे हे नीट छापा. लेखक लोक तिथं अर्पणपत्रिका घालतात आणि ही माहिती विसरतात.

कवितांबद्दल. लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो, मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजायचं. केशवसुत १९०५ ला गेले, खुशाल घ्या. मर्ढेकर १९५६ ला गेले, तेही २०१७ पासून मोकळे. कुसुमाग्रज १९९९ ला गेले म्हणजे २०५९ संपेपर्यंत हक्क वारसांकडे किंवा ज्यांना दिलेत त्यांच्याकडे. प्रकरणाच्या डोक्यावर सजावटीला ओळी छापायच्या तर परवानगीचं पत्र घ्या, सरळ प्रकाशकाला लिहा. नाहीतर त्यांच्या जागी गाडीत ऐकलेल्या म्हणी, गाडीच्या मागं लिहिलेल्या ओळी घाला, एसटीच्या पुस्तकाला त्या जास्त शोभतील असं माझं प्रामाणिक मत.

बाबांच्या मजकुराचा हक्क मात्र लिहिल्या क्षणापासून त्यांचाच असतो, नोंदणी करायची सक्ती नाही. करायचीच असेल तर केंद्राच्या कॉपीराइट कार्यालयाकडे ऑनलाइन होते, ५०० रुपये फी. मनाच्या शांतीसाठी लोक करतात.

फर्मा_१६

फोटोंचं सांगतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं काही चालणार नाही, ते बारीक करून पाठवतं, छापल्यावर माणसं चिखलातनं काढल्यासारखी दिसतात. मूळ फोटो स्कॅनरवर ३०० डीपीआयला, लहान असतील तर ६०० ला स्कॅन करा आणि पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मजकुराच्या पानांवर, मॅपलिथोवर, ब्लॅक अँड व्हाइट फोटो जरा दबतात. चांगले आठ-दहा फोटो निवडा आणि मध्ये आठ पानांची आर्ट पेपरची पुरवणी घाला, खर्च थोडा वाढतो पण डेपोतली माणसं पुस्तक पहिलं तिथंच उघडणार, स्वतःला शोधायला. खाली नावं डावीकडून उजवीकडे अशी बाबांना विचारून आत्ताच लिहून ठेवा.

प्रूफबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून बोलतो. प्रूफ घरच्या माणसानं वाचू नये, त्याला काय लिहिलंय ते माहीत असतं त्यामुळं चूक दिसतच नाही. रिटायर झालेले मराठीचे मास्तर किंवा बाई प्रत्येक गावात असतात, वर्तमानपत्रात मुद्रितशोधक म्हणून काम केलेलं कुणी मिळालं तर सोन्याहून पिवळं. मसापची (महाराष्ट्र साहित्य परिषदेची) शाखा जवळ असेल तर तिथं विचारा, कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिरात विचारा, अशी माणसं तिथं हमखास ओळखीची असतात. पण वही हातात देतानाच एक सांगायचं की निवेदन साहित्य महामंडळाच्या नियमानं शुद्ध करा आणि माणसांच्या बोलण्याला हात लावू नका. नाहीतर मास्तर 'कोंबडी मांडीवर बसत्या' चं 'बसते' करणार आणि 'न्हाई' चं 'नाही', आणि मग तुमच्या पुस्तकात विट्याच्या बाजारातली म्हातारी सदाशिव पेठेत राहायला गेल्यासारखी बोलणार. मी असं एक अख्खं पुस्तक शुद्ध होऊन आलेलं बघितलंय, लेखकानं रडायचं बाकी ठेवलं होतं, परत सगळं मूळ वहीवरनं मिळवून घ्यायला लागलं.

दोन प्रूफं बघायची. पहिलं ओळी-शब्दांचं, दुसरं पानं लावून झाल्यावर, त्यात पानक्रमांक, प्रकरणांची नावं अनुक्रमणिकेशी जुळतात का, एखादी ओळ पानाच्या तळाला एकटी पडलीय का ते. दुसऱ्या प्रूफात बाबांना नवीन किस्सा आठवला तर वहीत लिहून ठेवायला सांगा, पुस्तकात नाही. एक परिच्छेद वाढला की पुढची सगळी पानं सरकतात.

रिकामटेकडा_७

बरं बाबा छापा. पण ईबुक पण काढा हो, माझा मामा एसटीत होता, आता पोराकडे दुबईला असतो, त्याला ज्ञान पोस्ट काय पोचणार.

सुमन_कुपवाड

हे बरोबर बोलला. युनिकोड फाइल असेल तर ईबुकला परत टायपिंगचा खर्च नाही. छापील निघाल्यावर दोन-तीन महिन्यांनी काढ पण, आधी काढलं तर डेपोतले लोक पीडीएफ फॉरवर्ड करत बसतील आणि टेबलावर कुणी येणार नाही.

कंडक्टरची_लेक

बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. म्हाताऱ्या सदाशिव पेठेत राहायला जाणार म्हटल्यावर लई हसले. डिझेलच्या प्रकरणात नाव बदलायला तयार झालेत पण डेपो बदलायला नाही, म्हणतात डेपो बदलला तर रस्ता चुकतो, त्यावर घरात चर्चा चालू आहे. कवितांच्या जागी गाडीत ऐकलेल्या ओळी घालायच्या म्हणाले, तशा त्यांच्याकडे एक वेगळी वहीच निघाली, ती मला आज कळली.

कालपासून मोबाइलवर वाचायला बसवलंय. 'विटा डेपो' दर वेळी 'वीट आहे पो' असं येतंय. १५० प्रती डिजिटलला काढायच्या असं ठरतंय. @फर्मा_१६ दादा, भाऊ कव्हर करतो म्हणतोय, त्याला ते जमतं, कॉलेजात पोस्टर करायचा. त्याला आत्ता बसवू का?

फर्मा_१६

चित्र काढू दे, मांडणी आत्ता नको. कव्हर म्हणजे मागचं पान, कणा आणि पुढचं पान अशी एकच सलग फाइल असते आणि कण्याची रुंदी पानांवर ठरते. १९२ पानं ७० जीएसएमला नऊ-दहा मिलिमीटर होतो, तुमची २०८ झाली की बदलला, फोटोंची पुरवणी घातली की अजून बदलला. पानं नक्की झाली की प्रेसवाल्याकडून त्याच कागदाचा कोरा डमी बांधून घ्या आणि पट्टीनं मोजा. चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेलं चित्र) सोडायला सांगा भावाला, रंग आरजीबी (स्क्रीनचे) नाही सीएमवायके (छपाईचे), आणि मागच्या पानावर खाली बारकोडला पांढरी जागा. कण्यावर नाव वरून खाली लिहायचं, पुस्तक टेबलावर तोंड वर करून ठेवलं की सरळ वाचता आलं पाहिजे.

तुमच्या ह्या साइजचं पुस्तक साधारण सव्वादोनशे ग्रॅम भरतं, पाकिटासकट ३०० च्या आत, म्हणजे काकांच्या वीस रुपयांत बसतंय. पुरवणी घातली की मात्र डमीचं वजन पण करून बघा.

व्हॉइस टायपिंगला 'विटा' नंतर थांबायला सांगा बाबांना, स्टॉप आल्यासारखं.